बावीस फूट

आमच्या गोठ्याच्या उत्तरेकडच्या भिंतीत
गुडघाभर उंचीवर
एक दगड उलटा बसलाय.
कुणी बसवला, ठाऊक नाही.
रोमन भिंत इथून अर्ध्या मैलावर,
आणि ज्याला ज्याला घर बांधायचं होतं
त्याने तिथूनच गाड्या भरल्या.
चर्चनेही. चर्चने तर सगळ्यांच्या आधी.

तो वाचायचा तर पाठ करून उभं राहायचं,
ओणवं व्हायचं, आणि
दोन पायांमधून मागे बघायचं.
मी अक्षरं अशीच शिकले,
वेण्यांची टोकं शेणात.

आधी एक टोकदार खूण, चोच उघडल्यासारखी.
म्हणजे तुकडी, शंभरांची.
मग वेरानस, त्यांचा नायक.
मग दोन फुल्या, दोन काड्या.
वेरानसची तुकडी, बावीस फूट.
बस.
देवाचं नाव नाही, बादशहाचं नाही,
कोण कुठून आला, कोण थंडीने मेला, काही नाही.
बिल आहे ते. भिंत ढासळली
तर कुणाची मान धरायची, त्याची नोंद.

बाबा गडगे रचायचे.
चुना नाही, सिमेंट नाही,
दगडाने दगडाला अडवायचं, एवढंच.
पैसे फुटावर.
एकदा त्यांनी शेवटच्या काडीवर नख ठेवलं.
"इसोबेल, ही नंतरची."
खरंच, ती कडेला चेपून बसली होती,
उथळ, घाईची,
भरल्या बाकावर चौथा माणूस टेकावा तशी.
"मुकादमाची पाठ वळली असणार."
आणि खोकला लागेपर्यंत हसले.

पुढे म्युझियमच्या मिस हॅग्स्टन आल्या,
बॅटरी आणि गुडघ्यांखाली घ्यायला रबरी चटई घेऊन.
म्हणाल्या, कोरणारा नवशिका असावा.
बाबा दारातून म्हणाले,
"नवशिका नव्हे हो. पोटार्थी."
त्यांनी ते लिहून घेतलं नाही.

बाबा गेले त्याला अकरा वर्षं झाली.
यंदा फेब्रुवारीत बर्फ वितळलं
आणि ओढ्याकाठचा त्यांचा गडगा फुटला.
मी एकेक दगड पालथा करून पाहिला,
पोटातली बाजू, अंधारातली.
कुठे एखादं अक्षर, एखादी रेघ?
शेवाळ होतं. एक गोगलगाय.

मग डोरिन आला, रुमानियाचा.
एरवी जंगलखात्यात झाडं पाडतो.
चार दिवस राबला,
हातमोजे काढून, बोटांनी दगड चाचपत,
वर टिटव्या नुसत्या कोकलत होत्या.
शेवटी म्हणाला, बावीस.
माझ्या टेपने एकवीस आणि थोडं.

मी काही बोलले नाही.
पैशांचा डबा गोठ्यात असतो.
तिथे त्याला म्हटलं, वाक जरा, मागे बघ.
वाकला. तोंड लाल झालं.
पायांमधून हात घालून बोट फिरवलं,
फुली, फुली, काडी, काडी,
आणि त्याच्या भाषेत मोजलं,
"दोउअझेच शि दोय,"
शाळेचा पाढा म्हणावा तसं, सहज.
मग बोट
त्या शेवटच्या काडीवर थांबलं.
बराच वेळ.
गाय रवंथ करत होती.

सरळ झाला तेव्हा कान पेटलेले.
"मी परत मोजतो," म्हणाला.
"टेप जुनी आहे," मी म्हटलं,
"ताणली गेलीय."
आणि बाविसाचे पैसे मोजून दिले.
त्याने ते न मोजता खिशात घातले.

सकाळी खिडकीतून पाहिलं,
धुक्यात कुणी तरी ओढ्याकाठी वाकलंय.
नव्या कामाला लागून जो बाबांचा गडगा
अजून शाबूत उभा होता, थोडासा फुगलेला,
त्याचं टोक त्याने उतरवलं
आणि परत रचलं.
साधारण फूटभर.

मोजायला मी गेले नाही.
मेंढ्या विणाऱ्या होत्या, दोन तर त्याच रात्री,
आणि टेप कुठे ठेवली
ते आजतागायत सापडलेलं नाही.